बिनखटक्याचा चाकू

त्यांच्या डाव्या हातावर केस नव्हते. मनगटापासून कोपरापर्यंत हात कसा गुळगुळीत, आणि उजव्या हातावर मात्र पांढऱ्या केसांचं रान. रोज सकाळी ते चाकूला धार लावत आणि लागली की नाही ते डाव्या हातावरचे केस भादरून बघत. भादरले गेले नाहीत तर पुन्हा दगड, पुन्हा पाण्याचे चार थेंब. धार लागेपर्यंत चहा नाही, बोलणं नाही, हजेरीवर सही नाही. त्या हातावर केसांना वाढायची सवडच मिळत नसे.

तळोद्याजवळच्या एका फळरोपवाटिकेत ते आंब्याची कलमं बांधायचे. हुद्दा माळी, पण रोपवाटिका त्यांचीच असल्यासारखे वागत. सगळे त्यांना जिभाऊ म्हणत. खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. ते नक्की कुणाचे थोरले भाऊ होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सुरतेला दिलेली, आणि रनाळ्याला एका खोलीचं घर होतं त्याला बारा महिने कुलूप. माणूस रोपवाटिकेच्या कोपऱ्यातल्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचा.

मी सांगलीकडचा. नंदुरबार जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा आमच्याकडच्या मंडळींनी "काय रे, असा काय गुन्हा केलास?" म्हणून विचारलं होतं. शेतकीची पदवी, खिशाला दोन पेनं आणि डोक्यात बरंच काही घेऊन मी हजर झालो. पहिल्याच दिवशी जिभाऊ समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, हात दखाडा."

मी हात दाखवले. त्यांनी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले, बोटं एकेक करून तपासली.

"एक बी वण नही. आजपावत निस्ता कागदच काप्यात का?"

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

त्यांचा चाकू साधा होता. शिसवीची मूठ, टोकाला पितळी टोपी, एकच पातं. ज्या म्हाताऱ्या माळ्याने त्यांना कलम बांधायला शिकवलं त्याने तो दिला होता, आणि त्याला तो कुठल्याशा जत्रेत मिळाला होता. वर्षानुवर्षं धार लावून पातं झिजून निम्म्या रुंदीचं झालेलं. पाठीला आतून एक पोलादी पट्टी होती, तिच्या ताणाने पातं उघडं राहायचं. पण ते अडकवून ठेवणारा खटका नव्हता. पात्याच्या पाठीवर जोर पडला की चाकू आपला आपण मिटायला लागायचा. मी तो पहिल्यांदा हातात घेतला आणि एका ढलपीत टोक खुपसून दाबलं, तर पातं हळूच माझ्या बोटांकडे वळलं. मी दचकून चाकू टाकला. जिभाऊंना हेच हवं होतं.

"घाबरानं नही. आखो दाबा. धीरे धीरे," ते म्हणाले. मग पात्याची पाठ माझ्या बोटावर टेकवून त्यांनी स्वतः ती दाबली. "हाऊ चक्कू बोलस. चुकीना जोर पडना का बोटले सांगस, थांब रे भो. खटक्यावाला चूप बठस. आन बोलना ते एकच डाव बोलस."

पुढे महिनाभर त्यांनी मला कलम बांधू दिलं नाही. नुसत्या करंजाच्या काड्या छिलायला लावल्या. काडी डाव्या हातात, चाकू उजव्या, आणि धार आपल्याकडे ओढत एकाच लांब ओढीत सपाट काप. दोन ओढी लागल्या की काडी फेकून द्यायची. कापाला खटका लागतच नाही, ओढताना पातं आपोआप उघडं राहतं, हे मला तेव्हा कळलं. खटका लागतो तो खुपसायला आणि पिरगाळायला. कलमात दोन्हीला मनाई होती. खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाला, चीर द्यायची तर पातं वर ठेवून लाकडाच्या तुकड्याने अलगद ठोकायचं, जितकी हवी तितकीच.

कलमाला ते लगीन म्हणत. खुंट नवरा, काडी नवरी. काडी आणली की ती कुठल्या झाडाची, कुठल्या गावची, असं तिचं माहेर विचारून घेत. बांधून झालं की खुंटाच्या शेंड्याला हात लावून म्हणत, "लगीन आपन लायी दिधं. आते नांदानं का नही ते त्या दोन्हीच दखतीन." पालवी फुटेपर्यंत किती कलमं जगली असं विचारलेलं त्यांना चालत नसे. मला महिन्याचा अहवाल पाठवायचा असायचा. मी विचारलं की ते झारी उचलून दुसऱ्या वाफ्याकडे चालू लागत.

त्या चाकूने त्यांनी झाडाशिवाय कधी काही कापलं नाही. कैरी खायची झाली तर दगडावर आपटून फोडायचे, कांदा बुक्कीने. सुतळी दाताने तोडायचे. एकदा एक मोठे साहेब नव्या शेडनेटच्या उद्घाटनाला आले आणि कात्री आणायची कुणाच्याच लक्षात राहिली नाही. सगळ्यांच्या नजरा जिभाऊंच्या खिशाकडे वळल्या. मी डोळ्यांनीच विनवलं. त्यांनी चाकू काढला, मिटला, आणि साहेबांनी पुढे केलेल्या हातात न देता त्यांच्या बुटांसमोर जमिनीवर ठेवला.

चाकू हातातून हातात द्यायचा नाही, दिला की दोघांत भांडण होतं, ही समजूत आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे ती आजीपुरती. जिभाऊ ती सरकारी कामकाजात पाळत. साहेब क्षणभर थांबले, मग सगळ्यांच्या देखत वाकले, चाकू उचलला आणि फीत कापली. मला नंतर चार शब्द ऐकावे लागले. जिभाऊ दोन दिवस फुगून बसले होते, कारण नायलॉनच्या फितीने धार गेली होती.

आठवडी बाजारात एकदा आम्ही दोघं होतो. एका पथारीवर नव्या तऱ्हेचे चाकू मांडले होते, काळ्या मुठीचे, अंगठ्याने फटकन उघडणारे. जिभाऊ तिथे उकिडवे बसले. एकेक उघडून बघायचे, मिटायचे. विक्रेत्याला वाटलं गिऱ्हाईक पक्कं. पाऊण तासाने ते उठले आणि त्याला म्हणाले, "उघाडाले बेस शे. मिटाले तीन हात लागतस." पुढे रस्ताभर मला समजावत होते की चाकूची परीक्षा तो उघडतो कसा ह्यावर नाही, मिटतो कसा ह्यावर करावी. आणि हे खटक्याचे चाकू मारामारीसाठी केलेले, झाडाला ते लावणं म्हणजे लग्नात पहिलवान आणून बसवणं.

मी त्यांच्याशी वाद घालत असे. मोबाइलवर चित्रं दाखवून सांगत असे की पातं उघडलं की आतली पत्र्याची जीभ त्याच्या टाचेमागे येऊन बसते, ती बाजूला सारल्याशिवाय चाकू मिटूच शकत नाही, बोटं शाबूत राहतात, जगभर आता असेच वापरतात. ते दोन्ही हात पुढे करून म्हणत, "चाळीस वरीस व्हयनात. मोजी ल्या." दहाच्या दहा बोटं होती.

मग ती बोटं ऐकेनाशी झाली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते विडीवरून. विडी जळत जळत बोटांपर्यंत आली आणि ते बोलतच राहिले. वास आला तेव्हा मी त्यांचा हात झटकला. त्यांना साखर होती. तपासणीचा कागद मी स्वतः वाचला होता आणि डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या कानावर घातलं होतं. ते चहात चार चमचे साखर घालत आणि म्हणत, शरीरात इतकी साखर आहे तर वरून घातलेली कुठे कळणार आहे! गोळ्या डब्यात पडून असत. मग एका सकाळी मी त्यांना काडी छिलताना बघत होतो. चाकूवर उलटा जोर पडला, पातं वळलं, पहिल्या बोटाच्या पेरावर टेकलं आणि आत गेलं. थोडंसंच, पण रक्त आलं. जिभाऊ पुढची काडी उचलत होते.

"जिभाऊ, बोट!"

त्यांनी बोटाकडे बघितलं, तोंडात घातलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना काही चोरताना पकडलं होतं. त्यांचा चाकू अजून थांब म्हणत होता. ऐकणारं बोट मात्र राहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी फोनवरून एक खटक्याचा चाकू मागवला. चांगल्यातला, कलमासाठीच केलेला, सरळ पात्याचा. पार्सल आलं तसं त्यांच्याकडे घेऊन गेलो. शिकलेला होतो, त्यामुळे हातात दिला नाही, मिटून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. ते झारीने पाणी घालत राहिले. संध्याकाळी चाकू तिथेच होता, कडेने चिखल उडालेला. मी उचलून पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सायेब, तुम्हीच वापरा. तुम्हना बोटं नवा शेतस." मग मीच तो वापरायला लागलो. रोपवाटिकेत काड्या छाटायचो, पिशव्या फाडायचो, चिकट झाला की पँटला पुसायचो. आंब्याचा चीक वाळला की डिंकासारखा घट्ट होतो. जिभाऊंच्या डाव्या खिशात रॉकेलची चिंधी असे, चार काप झाले की ते चाकू सांध्यासकट पुसून घेत. माझ्याकडे चिंधी नव्हती. मला वाटायचं नव्या चाकूला काय करायची चिंधी.

तोरणमाळच्या घाटाच्या अलीकडे उतारावर एक पाडा आहे. तिथल्या एका म्हातारीच्या अंगणातला आंबा वैशाखातल्या वादळात उभा फाटला होता. निम्मं झाड पडलं, निम्मं उभं होतं ते वाळत चाललं होतं. म्हातारीची दोन्ही पोरं उसाच्या तोडीला गुजरातेत जायची, मागे ती आणि हा आंबा. त्याच्या कैऱ्यांचं आमचूर पांढरं राहायचं, इतरांसारखं काळं पडायचं नाही, आणि बाजारात तिच्या आमचुराची लोक वाट बघायचे. कोय लावून तो आंबा परत येत नाही, कोयीचं झाड आपल्या मनाचं निघतं. तोच आंबा हवा तर त्याची काडी घेऊन कलम करणं हा एकच रस्ता. म्हातारी जीपने तळोद्याला येऊन रोपवाटिकेच्या फाटकाशी दोन तास बसली होती, जिभाऊ दिसेपर्यंत. ती पावरी बोलायची, जिभाऊ अहिराणी, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजायचं. मधे मी प्रमाण मराठीत उभा.

आम्ही भादव्यात वर गेलो. म्हातारीने झाडाशेजारी गावठी रोपं लावून ठेवली होती, त्यातली तीन कलमाजोगी. वाळत्या झाडावर कामाच्या काड्या शोधून शोधून पाचच सापडल्या. पाच काड्या, तीन खुंट, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते झाड उभं राहणार नव्हतं हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

जिभाऊंनी आपला चाकू काढला. पहिली काडी छिलताना पातं वळलं आणि टोकाची पाचर वाकडी झाली. काडी टाकली. दुसरीही गेली. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हातारी टाकलेल्या काड्या उचलून पदरात घेत होती, जणू त्या अजून कामाला येतील. खाली वळणावर जीपवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, खाली जाणारी ती शेवटची जीप होती. तीन काड्या उरल्या होत्या.

"जिभाऊ, तुमची बोटं ऐकत नाहीत आता," मी म्हणालो. म्हातारीसमोर म्हणालो. आणि माझा चाकू उघडून त्यांच्या हातात दिला.

जमिनीवर ठेवला नाही. हातातून हातात दिला. घाई होती.

त्यांनी चाकूकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपला चाकू मिटून खिशात ठेवला आणि माझ्या चाकूने काडी ओढली. एका ओढीत, आरशासारखा काप. दुसऱ्या बाजूने दुसरी ओढ. पाचर अशी झाली की मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं मी जिंकलो. मग त्यांनी खुंटाचा शेंडा छाटला आणि चीर द्यायला पातं वर ठेवलं. खुंट अंगठ्यापेक्षा जाड होता. पातं लाकडात गेलं आणि अडकलं. स्वतःचा चाकू असता तर त्यांनी ठोकत ठोकत काढला असता. पण खटक्याचा होता, मिटणार नाही असं मीच त्यांना वर्षभर सांगत आलो होतो. त्यांनी मुठीवर सगळा जोर टाकून तो वरखाली हलवला.

आतली ती पत्र्याची जीभ पुरती बसलीच नव्हती. माझ्या आठवडाभराच्या वाळल्या चिकाने ती अर्ध्यावर अडकली होती. उघडताना कट्‌ असा आवाज येतो, तो मी तरी कुठे ऐकला होता?

चाकू मिटला. एकदाच बोलला.

जिभाऊंनी तो बाजूला ठेवला, पाचर चिरेत बसवली आणि जोडावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायला घेतली. पट्टी लाल झाली. त्यांनी थांबून खुंटाकडे बघितलं.

"हाई रगत कोनं?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. पहिलं आणि मधलं बोट आतून उघडं पडलं होतं, पांढरं दिसत होतं. मी माझा रुमाल बांधला, म्हातारीने पदराची पट्टी फाडली. मी त्यांना ओढत जीपकडे नेऊ लागलो तर ते हलेनात. डाव्या हाताने खिशातून स्वतःचा चाकू काढून त्यांनी जमिनीवर ठेवला.

"पहिले पट्टी बांध. काडी सुकी जाई. मंग ऱ्हायेल दोन तू कर."

तीन वर्षांत ते मला पहिल्यांदा तू म्हणाले. मी पट्टी बांधली. मग त्यांच्या चाकूने दुसरं कलम केलं, तिसरं केलं. चाकू दर वेळी बोटाला सांगत होता, आणि मी दर वेळी थांबत होतो. तोवर जिभाऊ दगडावर बसून सांगत होते, "ओढ. एकच ओढ. हां." जीपवाला हॉर्न वाजवायचा थांबून वर येऊन उभा राहिला होता.

साखरेच्या माणसाची जखम भरत नाही. दोन महिने उपचार चालले, मग दोन्ही बोटं काढावी लागली. मी रोज जात होतो. एकदा धीर करून म्हणालो, "जिभाऊ, माझी चूक झाली. मी तो पुसला नव्हता." ते म्हणाले, "चक्कूनी चूक नही, तुन्ही बी नही. आवाज मी ऐकाले पायजे व्हता." त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी तिथेच पाया पडलो असतो. हातातून हातात दिला की भांडण होतं म्हणतात. आमचं झालं नाही. व्हायला हवं होतं.

ते निवृत्त होऊन रनाळ्याला गेले आणि मी नंदुरबारच्या कचेरीत बदली मागून घेतली. कारण म्हणून पाठीचं दुखणं लिहिलं. रोपवाटिकेत पाऊल टाकवत नव्हतं, आणि रनाळ्याला तर त्याहून नाही. नंदुरबारहून मोटारसायकलने अर्ध्या तासाचा रस्ता. मी दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी दुपारी झोपायचो. असं सव्वा वर्ष काढलं.

एके दिवशी दुपारी मान वर केली तर टेबलासमोर जिभाऊ. वाळलेले, टोपी नवी, डावा हात पहिल्यासारखा गुळगुळीत आणि उजवा शर्टाच्या खिशात घातलेला. एसटीने आले होते. मी खुर्ची ओढली. ते बसले नाहीत.

"बोटं मन्हा गयात," ते म्हणाले. "तुन्हा पाय काबर गयात?"

शेजारच्या टेबलांवरची माणसं बघत होती. त्यांनी डाव्या हाताने चाकू काढला, तोच, शिसवीच्या मुठीचा, आणि मिटलेला माझ्यापुढे धरला. मी घाईघाईने फायली सारून टेबलावर जागा केली. त्यांनी ठेवला नाही. हात तसाच पुढे.

"ले. हातमा ले."

"जिभाऊ, भांडण होतं म्हणता ना तुम्ही?"

"व्हऊ दे. भांडाले तरी येशी."

मी तो त्यांच्या हातातून घेतला.

मग मी जायला लागलो, दर रविवारी. पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते वरच्या कलमांचं, मला बघायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती हे ऐकून त्यांनी मला तसंच परत पाठवलं. मी वर पाड्यावर गेलो. मी केलेली दोन्ही कलमं वाळली होती. पहिलं, ज्याची पाचर त्यांची आणि चीर त्यांची, माझी फक्त पट्टी, ते गुडघ्याएवढं झालं होतं आणि त्याला तांबूस कोवळी पानं होती. मूळ झाडाचं सरपण झालं होतं. मी येऊन सांगितलं तेव्हा जिभाऊंनी विचारलं, "नांदी ऱ्हायनी म्हन पोर?" आणि तोंड वळवून बराच वेळ टोपी झटकत बसले.

आणि आम्ही भांडायचो. त्यांनी दिलेल्या शब्दाला जागून भांडायचो. विषय एकच. गंमत अशी की आता मी बिनखटक्याच्या बाजूने असायचो आणि ते खटक्याच्या. मी म्हणायचो, तुमचा चाकू सांगतो, सावध ठेवतो, त्याच्यासारखा दुसरा नाही. ते तावातावाने म्हणायचे, तुले काय समजस, नवा चक्कू बेस शे, निस्ता चिंधीवरी पुसाना सांभाळ पायजे, आन बुढ्ढा मानुससाठे खटकाच पायजे. आवाज चढायचे. शेजारचा पुतण्या एकदोनदा काळजीने डोकावून गेला. ज्या चाकूने त्यांची बोटं नेली त्याची बाजू ते का घेत होते ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाकू निर्दोष ठरला की मीही सुटणार होतो. मला सुटायचं नव्हतं, म्हणून मी हटत नव्हतो. असे आम्ही दोघं एकमेकांचा मुद्दा धरून दीड वर्ष भांडलो, आणि त्या दीड वर्षाएवढं सुख मला ह्या जिल्ह्यात दुसरं मिळालं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले, मग बाजेवरून उठणं बंद झालं. सुरतेची मुलगी येऊन राहिली होती. मी नेहमीसारखा बाजेच्या कडेला बसलो आणि सुरुवात केली, "जिभाऊ, खटक्याच्या चाकूवर जो भरवसा ठेवेल तो येडा."

ते छपराच्या पत्र्याकडे बघत होते. मी वाट बघितली.

"तुन्हं बरोबर शे," ते म्हणाले.

मी घाईघाईने बाजू बदलली. म्हणालो, नाही जिभाऊ, तसं नाही, खटक्याचाही काही वाईट नाही, पुसून ठेवला तर, तुम्हीच म्हणता ना. काहीही बोलत होतो. ते हसले. उरलेल्या बोटांचा उजवा हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला, तो हात ते एरवी कुणाला दाखवत नसत.

उठताना मी दारातून म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो. भांडण राहिलंय आपलं."

"आते काय भांडानं?" ते म्हणाले. "तू जिकना ना."

बुधवारी मुलीचा फोन आला.

ह्या वर्षी वरच्या झाडाला पहिल्यांदा कैऱ्या लागल्या, सात. म्हातारीने त्या आमचुराला न घेता झाडावरच ठेवल्या आहेत. मी जाऊन बघून आलो. पुन्हा रोपवाटिकेत बदली मागितली, ती मिळाली. माझ्या डाव्या हातावरचे केस आता जवळजवळ गेले आहेत. चाकू माझ्याच खिशात असतो, दुसऱ्या खिशात चिंधी. कुणी मागितला तर मी तो मिटून जमिनीवर ठेवतो आणि ते उचलून घेतात. हातात द्यावा, आणि मग भांडायला येईल म्हणून दर रविवारी वाट बघावी, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.